‘मला तहानच नाही’ असं आजी म्हणते, तेव्हा शरीरात नेमकं काय चाललेलं असतं?

रविवारी आई फोनवर नेहमीसारखी बोलली. जेवायला काय होतं, शेजारच्या खाटेवरच्या काकूंकडे कोण येऊन गेलं, सगळं सांगून झालं. बुधवारी वृद्धाश्रमातून फोन येतो. आई सकाळपासून झोपूनच आहेत, मधेच उठून कधीच्या काळी गेलेल्या भावाला हाका मारतायत. “वय झालंय, आता असं व्हायचंच,” असं पलीकडून सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं. ८३ वर्षांची बाई, थोडी विसराळू होतीच.

आईवडील वृद्धाश्रमात असलेल्या अनेकांना असा फोन कधी ना कधी येतो. तीन दिवसांत एवढा फरक पडण्यामागे कारणं बरीच असू शकतात. लघवीचं इन्फेक्शन, नवीन सुरू झालेली गोळी, सोडियम खाली येणं, पक्षाघातही. पण या यादीत एक अगदी साधं कारणही असतं आणि साधं असल्यामुळेच ते सुटून जातं. पोटात पुरेसं पाणी जात नसणं.

डिहायड्रेशन म्हटलं की जुलाब झालेलं बाळ किंवा उन्हात चक्कर येऊन पडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. सावलीत, पंख्याखाली, खाटेवर बसलेल्या आजी-आजोबांनाही ते होतं, तेही जुलाब-उलट्या काहीही नसताना, हे चटकन लक्षात येत नाही.

इंग्लंडमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लियाच्या संशोधकांनी ५६ केअर होममधल्या १८८ रहिवाशांचं रक्त तपासलं होतं. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. दर पाच जणांमागे एक जण डिहायड्रेटेड होता आणि आणखी २८ टक्के लोक अगदी काठावर होते. हे इंग्लंडमधलं चित्र आहे, जिथे हवा थंड असते. आपल्याकडे मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो.

तहान लागली की पितीलच ना?

इथेच सगळी गडबड आहे. तहान हा शरीराचा अलार्म आहे आणि वय वाढतं तसा तो उशिरा वाजायला लागतो. रक्त थोडं घट्ट झालं की तरुण माणसाचा मेंदू लगेच पाणी मागतो. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाच्या बाबतीत रक्त तेवढंच घट्ट होऊनही ‘पाणी हवं’ हा निरोप एक तर येत नाही किंवा फार हलका येतो. म्हणजे आजी “मला तहानच नाही” म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिला खरंच तहान लागलेली नसते. पण पाण्याची गरज मात्र असते.

त्यात शरीराची साठवणही घटलेली असते. तरुण पुरुषाच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाणी असतो, म्हातारपणी तो ५० टक्क्यांच्या आसपास येतो. पाणी मुख्यतः स्नायूंमध्ये असतं आणि स्नायूच झिजलेले असतात. शिवाय मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होते. पाणी कमी पडलं की तरुणाची मूत्रपिंडं लघवी घट्ट करून पाणी वाचवतात. म्हाताऱ्या मूत्रपिंडांना ती काटकसर तेवढी जमत नाही.

थोडक्यात टाकी लहान झालीये, नळ गळतोय आणि टाकी रिकामी झाल्याचं सांगणारी घंटाही नीट वाजत नाही.

आणि जे ठरवून पीत नाहीत त्यांचं काय?

हा भाग डॉक्टरांच्या फाइलीत क्वचितच लिहिलेला असतो. वृद्धाश्रमातल्या किंवा घरी ब्यूरोच्या मावशींच्या भरवशावर असलेल्या कितीतरी आज्या संध्याकाळनंतर पाणी पिणं हळूच बंद करतात. पाणी प्यायलं की रात्री उठावं लागणार. उठायचं तर मावशींना उठवावं लागणार. त्या दिवसभर राबून नुकत्या आडव्या झालेल्या असतात. एकटीने जावं तर अंधार, ओली फरशी आणि गेल्या वर्षी अशीच पडून खुबा मोडलेली शेजारीण आठवते. अंथरूण ओलं झालं तर सकाळी चारचौघांत लाज.

मग दुपारीच हिशेब सुरू होतो. चहा अर्धाच प्यायचा, जेवणावर दोन घोट, गोळ्या तर तोंड ओलं होण्याइतक्या पाण्यातच गिळायच्या. आजोबांचंही तेच. प्रोस्टेटचा त्रास असेल तर जास्तच. याला ‘हट्टीपणा’ म्हणणं सोपं आहे, पण त्यांच्या जागेवरून बघितलं तर हा अगदी तर्कशुद्ध निर्णय आहे. पाणी की पडणं, यातून त्यांनी न पडणं निवडलेलं असतं.

म्हणून “आई, पाणी पीत जा गं” हे फोनवरून रोज सांगून फारसा फरक पडत नाही. खाटेपासून संडासापर्यंत रात्रभर मिणमिणता दिवा, भिंतीला धरायला दांडा, कमोडची खुर्ची खाटेशेजारी, पुरुषांसाठी लघवीचं भांडं हाताशी आणि हाक मारली तर चिडचिड न करता येणारं कुणीतरी, एवढं झालं की पाणी बऱ्याचदा आपोआप वाढतं. दिवसाचं बरंचसं पाणी संध्याकाळी पाच-सहाच्या आत देऊन टाकायचं, हाही सोपा मार्ग आहे. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

डिमेन्शिया असलेल्यांची अडचण आणखी वेगळी. समोर पेला आहे हे त्यांना दिसतं, पण त्याचं काय करायचं ते सुचत नाही. किंवा काचेच्या पेल्यातलं पाणी धड दिसतच नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अल्झायमर बराच पुढे गेलेल्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल रंगाच्या भांड्यांतून खायला-प्यायला दिलं, तर पेय ८४ टक्क्यांनी जास्त प्यायलं गेलं. अभ्यास फक्त नऊ जणांचा होता, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण लाल मग फार महाग येत नाही, करून बघायला हरकत काय?

चिमटा काढून बघायचा, लघवीचा रंग बघायचा… हे चालतं का?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जवळपास प्रत्येक फॉरवर्डमध्ये हे दोन उपाय असतात. हाताच्या मागच्या बाजूला चिमटा काढा, कातडी लगेच खाली बसली नाही तर पाणी कमी आहे. लघवी गडद पिवळी तर पाणी कमी.

तरुणांच्या बाबतीत हे थोडंफार चालतं. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. ऐंशीच्या वयात कातडी तशीही सैलच असते, चिमटा तसाच उभा राहतो. तोंड कोरडं पडण्यामागे तोंडाने श्वास घेणं, सर्दीच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या असं काहीही असू शकतं. लघवीचं तर उलटंच होतं. मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नसल्याने पाणी कमी असूनही ती फिकी दिसू शकते. लघवीची गोळी चालू असली तरी फिकीच. आणि बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की पाणी भरपूर असूनही पिवळीधमक.

जगभरातले अभ्यास एकत्र करून त्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये वृद्धांमधल्या डिहायड्रेशनच्या लक्षणांचा आढावा घेतला. कोरडं तोंड, लघवीचा रंग, तहान लागणं अशी एकेकटी लक्षणं निदानासाठी कुचकामी ठरली. त्यातल्या त्यात उपयोगी वाटल्या त्या दोन साध्या गोष्टी. माणूस स्वतःहून ‘थकवा आलाय’ म्हणतोय आणि दोन जेवणांच्या मधलं पिणं चुकतंय. या दोन्हींवर आणखी अभ्यास हवा असंही त्यात म्हटलं होतं.

पक्कं निदान रक्तातूनच होतं. रक्त किती घट्ट झालंय हे मोजणाऱ्या तपासणीला सीरम ऑस्मोलॅलिटी म्हणतात. ३०० च्या वर आकडा गेला तर डिहायड्रेशन, २९५ ते ३०० म्हणजे काठावर. ही तपासणी सगळीकडे होत नाही. पण सोडियम, पोटॅशियम, युरिया आणि साखर या चार नेहमीच्या आकड्यांवरून डॉक्टर तिचा अंदाज काढू शकतात. या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्येही होतात.

मग घरच्यांनी आणि मावशींनी बघायचं काय?

एखादं लक्षण शोधण्यापेक्षा बदल शोधावा. कालची आजी आणि आजची आजी यात काय फरक आहे?

सगळ्यात महत्त्वाचा बदल मेंदूत दिसतो. अचानक गोंधळ होणं, दिवस-रात्र न कळणं, माणसं न ओळखणं, नसलेली माणसं दिसणं. याला डेलिरियम म्हणतात आणि हा डिमेन्शिया नव्हे. डिमेन्शिया महिन्या-वर्षांत हळूहळू येतो, डेलिरियम काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत. सकाळी बरं, संध्याकाळी बिघडलेलं, असं हेलकावेही घेतो. आधीपासून विसरभोळेपणा असलेल्यांना तो जास्त होतो, म्हणूनच “आजार वाढला” असं समजून तिकडे दुर्लक्ष होतं.

त्याचा एक शांत प्रकारही असतो आणि तो जास्त फसवा. आजी आरडाओरडा करत नाही, नुसती गप्प होते, पेंगत राहते, जेवताना घास तोंडात धरून बसते. वृद्धाश्रमाच्या धबडग्यात शांत पडून असलेलं माणूस म्हणजे त्रास न देणारं माणूस. त्यामुळे तिच्याकडे लक्ष जायला उशीर होतो, आणि तेवढ्या वेळात मूत्रपिंडांवर ताण येतो, इन्फेक्शन वाढतं, उठायला गेल्यावर पडून हाड मोडतं. डेलिरियमचं कारण वेळेत सापडलं तर माणूस पुन्हा पूर्वीसारखा होण्याची शक्यता बरीच असते. न सापडल्यास तीच आजी उरलेला काळ ‘वेड लागलेली’ म्हणून काढते. हा फरक छोटा नाही.

बाकीचे बदल असे. उभं राहिल्यावर चक्कर, बीपी बसून ठीक पण उभं राहिल्यावर खाली, नाडी जलद. डायपर नेहमीपेक्षा कमी वेळा बदलावा लागणं (खर्च वाचला म्हणून यात खूश होण्यासारखं काही नाही). नव्याने बद्धकोष्ठ, वारंवार लघवीचं इन्फेक्शन. आणि वजन. दोन दिवसांत एक किलो वजन उतरलं तर ती चरबी नसते, जवळपास लिटरभर पाणीच असतं. त्यामुळे आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा, ठरलेल्या वेळी वजन करून वहीत लिहिणं हा वृद्धाश्रमाला परवडणारा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

वहीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. बऱ्याच ठिकाणी पाण्याची नोंद ठेवतात, पण नोंद होते ती ‘दिलं’ याची. खाटेजवळ पेला ठेवला की वहीत २०० मिली चढतात. तासाभराने तोच पेला भरलेलाच परत जातो. नोंद ‘प्यायलं’ याची हवी.

किती आणि काय पाजायचं?

युरोपातल्या ईस्पेन या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने वृद्धांसाठी दिलेला आकडा असा आहे. दिवसाला बायकांनी किमान १.६ लिटर, पुरुषांनी २ लिटर पेयं घ्यावीत. २०० मिलीच्या पेल्याने आठ आणि दहा. हा थंड हवेतला आकडा, आपल्या उन्हाळ्यात, ताप किंवा जुलाब असताना जास्त लागतं.

मात्र हृदय कमजोर असलेल्यांना, डायलिसिसवर असलेल्यांना आणि काही मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाणी मोजूनच घ्यावं लागतं. त्यांना वरचा आकडा लागू नाही. त्यांच्या डॉक्टरांकडून नेमका आकडा घ्यावा आणि तो खाटेजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरात लावावा, म्हणजे रात्रपाळीच्या मावशींनाही दिसेल.

आठ पेले पाणी असं म्हटलं की आजी तोंड फिरवणार. पण फक्त पाणीच कशाला? चहा, दूध, ताक, कोकम सरबत, पन्हं, शहाळं, सगळं मोजलं जातं. चहाने शरीरातलं पाणी कमी होतं ही समजूत जुनी आहे. नेहमीच्या प्रमाणातला चहा पाण्यातच धरावा. त्यावर तांदळाची पेज, मुगाचं कढण, पातळ आमटी, कलिंगड हे बोनस. शुगर असेल तर सरबत-पन्ह्यातली साखर आणि शहाळं, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे शहाळं, हे डॉक्टरांना विचारूनच. ब्रिटनमध्ये लुईस हॉर्नबी या तरुणाने डिमेन्शिया झालेल्या स्वतःच्या आजीसाठी ९० टक्क्यांहून जास्त पाणी असलेल्या रंगीत जेलीच्या गोळ्या बनवल्या, कारण ती पाणी नाकारायची पण गोळ्या आवडीने खायची. त्याच विचाराने आपल्याकडे घट्ट न केलेली जेली किंवा कलिंगडाच्या फोडी चालतील.

कसं द्यायचं हे ‘काय’ इतकंच महत्त्वाचं. “पाणी हवं का?” असं विचारलं की उत्तर ‘नको’. पेला हातात देऊन “हे घ्या ताक, आत्ताच केलंय” म्हटलं की निम्मं तरी जातं. गोळ्यांच्या वेळी घोटभर नाही, पेलाभर पाणी, एवढ्यानेच दिवसात दोन-तीन पेले वाढतात. इंग्लंडमधल्या चार केअर होममध्ये दिवसातून सात ठरलेल्या वेळी पेयांची फेरी काढायला सुरुवात केली, तेव्हा अँटिबायोटिक द्यावं लागणारी लघवीची इन्फेक्शन्स निम्म्याहून कमी झाली. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. ट्रॉली, सात वेळा.

उपवासाचं मात्र जपून. निर्जला एकादशी ज्येष्ठात येते, म्हणजे उकाडा अजून उतरलेला नसताना. पन्नास वर्षं केलेला उपवास सोडा म्हणून आजी ऐकणार नाही, पण पाणी आणि गोळ्या चालू ठेवून उपवास करण्यावर बहुतेकदा तडजोड होते. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं तर आणखी लवकर.

ओआरएस रोज द्यावं का?

नाही. ओआरएस हे जुलाब-उलट्यांचं औषध आहे, कारण तेव्हा पाण्याबरोबर क्षारही जातात. कमी प्यायल्यामुळे झालेल्या डिहायड्रेशनमध्ये क्षार शरीरातच असतात, फक्त पाणी कमी झालेलं असतं. तिथे साधं पाणी, चहा, ताक पुरतं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना विनाकारण रोज मीठ देण्यात अर्थ नाही. जुलाब लागले तर मात्र ओआरएस हवंच, आणि तेही मेडिकलमधून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट बघून. गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ छापण्याला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली, ती याच गोंधळामुळे.

जुलाब-उलट्या किंवा जेवण-पाणी बंद असताना चालू गोळ्यांची यादी घेऊन लगेच डॉक्टरांना फोन करावा. लघवीच्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या, शुगरसाठी सर्रास दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिन, गुडघ्यांसाठी चालू असलेल्या पेनकिलर, या शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडांना जड जातात. काही गोळ्या दोन-तीन दिवस थांबवायला डॉक्टर सांगतात. स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, आणि पुन्हा कधी सुरू करायच्या हे विचारायला विसरू नये.

कधी थांबायचंच नाही?

माणूस हाक मारून जागं होत नसेल, गिळता येत नसेल, आठ-दहा तास लघवीच झाली नसेल, झटका आला असेल किंवा अंग तापून बोलणं असंबद्ध झालं असेल, तर १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. उष्माघाताचा संशय असेल तर गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी मारून वारा घालावा. आणि गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी ओतू नये. ते पोटाऐवजी फुप्फुसात जातं. पक्षाघात किंवा पार्किन्सन्सनंतर साध्या पाण्याने ठसका लागणाऱ्यांनाही सरळ बसवून, गिळण्याची तपासणी करून, सांगितलेल्या घट्टपणाचंच पेय द्यावं लागतं.

फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या उष्णतेच्या लाटेत साधारण १५ हजार जास्तीचे मृत्यू झाले, त्यात बहुतेक वृद्ध होते. त्यानंतर तिथल्या वृद्धाश्रमांना किमान एक थंड खोली आणि उन्हाळ्याचा लेखी आराखडा सक्तीचा झाला. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत एका हॉलला चांगला कूलर लावून दुपारी सगळ्यांना तिथे बसवणं शक्य आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कूलरचा उपयोग फारसा होत नाही, तिथे दुसरी सोय बघावी लागते.

पुढच्या वेळी भेटायला जाणाऱ्यांनी पेढ्यांऐवजी कलिंगड न्यावं आणि बसून सोबत चहा घ्यावा, गप्पांत दोन पेले सहज जातात. तेवढ्यात नजर फिरवावी. पाण्याचा तांब्या आईच्या हाताला पोहोचतो का, की स्टुलावर भिंतीकडे सरकवलेला आहे? भरलेला तांब्या तिला एका हाताने उचलता येतो का? मागच्या महिन्यात वजन किती होतं? आणि एक प्रश्न ऑफिसमध्ये जाऊन विचारावा, भांडणाच्या सुरात नाही, साधाच. रात्री दोन वाजता आईला बाथरूमला जायचं असेल तर तिला घेऊन कोण जातं?